मेण म्हणतंय थ्री-नॉट-थ्री

हिंमतराव खोटं बोलतात, असं उमरगा तालुक्यात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते बोटभर मेणाच्या तुकड्यानं, आणि तेही शिवकन्याच्या दुकानात, भर दुपारी.

दुकान हायवेला लागून, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली. पाटी अजून बापाच्याच नावाची: 'शांतलिंग स्वामी, बंदूक दुरुस्ती, सरकारमान्य'. शांतलिंग जाऊन दोन वर्षं झाली होती आणि परवाना आता पोरीच्या नावावर होता. पण येणारा प्रत्येक जण आत डोकावून आधी विचारायचा, "मालक कुठंयत?" शिवकन्या चौतिशीची बाई, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "तुमच्याम्होरंच उभा हाय मालक. काम सांगा."

हिंमतरावांनी मात्र तसलं काही विचारलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ताठ म्हातारा, तुरोरीकडचा मोठा शेतकरी. बरोबर बायको कस्तुराबाई आणि नात वैष्णवी. चादरीत गुंडाळलेली रायफल त्यांनी बाकावर ठेवली आणि स्वतः बाजूला सरून उभे राहिले. बोलली ती वैष्णवी. शेती आता तीच बघते, रानडुकरं ज्वारीचा सत्यानाश करतायत, आजोबांचं वय झालं, म्हणून रायफल तिच्या नावानं करायची होती. कागद सगळे जमले होते. घोडं अडलं एका ठिकाणी. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, परवान्यावर थ्री-फिफ्टीन लिहिलंय, पण नळीवर नंबरच दिसत नाही. तेव्हा सरकारमान्य कारागिराचा दाखला आणा, येत्या सोमवारपर्यंत.

शिवकन्यानं नळी खिडकीशी धरली. पोलाद कसं लख्ख, आरशागत. पण शिक्का म्हणून एक रेघसुद्धा शिल्लक नव्हती.

"हे कुणी घासलं?"

"म्या," कस्तुराबाई अभिमानानं म्हणाल्या. "दर दसऱ्याला. चिंच आन् विटकरीची भुकटी."

"चिंचेनं? रायफल?"

"मग साबणानं घासू काय? देवापुढं मांडायचं हत्यार हाय ते."

शिवकन्यानं कपाळाला हात लावला. पन्नास दसरे ह्या माउलीनं तांब्याच्या कळशीसारखी रायफल घासली होती, आणि नंबर चिंचेबरोबर मोरीतून वाहून गेला होता.

"नंबर कशाला पायजे?" हिंमतराव पहिल्यांदाच बोलले. "थ्री-फिफ्टीन हाय. चाळीस वर्षं म्या चालवलीय."

आता ह्यात मेख काय, ते सांगायला हवं. थ्री-फिफ्टीन रायफल परवान्यावर घरात राहू शकते. थ्री-नॉट-थ्री फौजेची, ती साध्या माणसाला ठेवता येत नाही. ती निघाली तर रायफल सरकारजमा, वर परवान्यावर एक आणि हातात दुसरंच कसं, ह्याची चौकशी वेगळी. म्हणजे हिंमतरावांच्या घरातलं हत्यार राहणार की जाणार, आणि त्यांचा शब्द खरा की खोटा, हे शिवकन्याच्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं. ह्या टेबलावरची तिची अशी पहिलीच सही.

"शेवटचा बार कधी उडवला, आबा?" तिनं सहज विचारलं.

हिंमतराव रस्त्यावरच्या ट्रककडं बघायला लागले. "सोडलं ते. जीव मारायचं सोडलं."

"बारा वर्षं झाली," कस्तुराबाईंनी पुस्ती जोडली. "गावात कुणालाबी इचारा. समोर डुक्कर आलं तरी ह्यांनी हात उचलला न्हाय."

रायफलीची पावती घेऊन मंडळी गेली, आणि शिवकन्या कामाला लागली.

नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसतं ती जागा म्हणजे चेंबर. नंबर पुसला तरी चेंबर बदलत नाही. त्यात काहीतरी पातळ ओतायचं, घट्ट झालं की अलगद बाहेर काढायचं, आणि त्या ठशाचं माप घ्यायचं. थ्री-फिफ्टीनचा ठसा बुडाशी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरतो, थ्री-नॉट-थ्रीचा पावणेबारा. एवढ्याशा फरकावर सगळा न्याय.

शांतलिंग ठशाला नेहमी मधमाशीचं मेण वापरायचा, थोडी राळ घालून. शिवकन्यानंही तेच तापवलं, ओतलं, गार केलं. बाहेर काढताना ठसा मानेपाशी मोडला. पुढचा तुकडा आतच राहिला, तो वितळवून काढावा लागला. पण बूड हातात आलं होतं. व्हर्निअर लावला. मेण गार होताना आकसतं, त्याचा बापानं घालून दिलेला हिशेब मिळवला. उत्तर आलं पावणेबारा.

तिनं परत मोजलं. पावणेबारा. खात्री करायला तिनं कपाटातलं थ्री-फिफ्टीनचं पितळी नकली काडतूस चेंबरमध्ये सोडलं. ते अर्ध्यात अडकलं. काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. बोल्ट दोन्ही हातांनी रेटला तरी लागेना. टॉर्च मारून आत बघितलं तर गुळगुळीत तपकिरी चकाकी. जुन्या पोलादाचा रंग असतो असा, तिनं मनाशी म्हटलं.

फोन तिनं वैष्णवीला केला होता, पण कानाला लावला म्हाताऱ्यानं.

"आबा, मेण थ्री-नॉट-थ्री म्हणतंय."

"मेण काय म्हणतंय ते मला सांगू नको, पोरी. म्या थ्री-फिफ्टीन सांगितलंय." फोन कट.

ह्या एका वाक्यानं शिवकन्याच्या डोक्याला जो भुंगा लागला, तो काही जाईना. म्हातारा खोटं कशाला बोलेल? इतकी वर्षं सोलापूरहून काडतुसं आणलेली, परवान्यावर तशी नोंदही. आणि मेणाला तरी खोटं बोलून काय मिळणार? मेण ना कुणाच्या देण्यात, ना घेण्यात. दोघांतला एक चुकत होता, आणि दोघांवरही तिचा विश्वास होता. अशानं माणसाचं जेवण गोड लागत नाही.

शुक्रवारी मंडळी रायफल न्यायला आली. शिवकन्याची चिठ्ठी घ्यायची आणि हत्यार तसंच ठाण्यात जमा करायचं, असं घरी ठरलं होतं. हिंमतराव दुकानाची पायरीसुद्धा चढले नाहीत. बाहेर लिंबाखाली पाठ करून उभे राहिले.

कस्तुराबाई आत आल्या त्या ताट घेऊनच. "जायाच्या आधी एकदा पूजा करती," म्हणाल्या. कोण नाही म्हणणार? शिवकन्यानं बाकावरच्या कानशी, पाने बाजूला सारले. म्हातारीनं हळद-कुंकू वाहिलं, निरांजनानं ओवाळलं. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ दिलं, पुसलं नाही. मग रायफल दस्त्यावर उभी केली, ताटातली वाटी उचलली, आणि वरच्या तोंडातून पळीभर काहीतरी नळीत सोडलं.

"अहो आजी! हे काय?"

"तेल. गंज धरू नये म्हणून. नेहमीच घालती."

"कसलं तेल?"

"करडीचं. घरच्या करडीचं, घाण्यावर काढलेलं. इकतचं न्हाय."

"आणि नेहमी म्हणजे?"

"आदी दसऱ्याला घालायची. ह्यांनी बंदूक सोडली तवापासनं दर पुनवेला घालती. वापर न्हाय म्हणून काय झालं? हयगय नको."

शिवकन्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या स्वयंपाकघरातली तेलाची बरणी आली. करडईचं तेल बरणीच्या तोंडाशी वाळून अशी पिवळी खपली धरायचं की सुरीनं खरवडावी लागायची. बारा वर्षांच्या पुनवा, दर पुनवेला पळी. रायफल देवघराच्या कोपऱ्यात दस्त्यावर उभी, बोल्ट बंद. वरून ओतलेलं तेल ओघळत जाऊन थांबणार कुठं? चेंबरमध्ये!

तिनं बांबूची काडी तासली आणि चेंबरच्या कडेला खरवडलं. काडीच्या टोकावर कांद्याच्या सालीएवढी पातळ, मधाच्या रंगाची खपली आली. पोलादाचा रंग म्हणे! स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली तिला.

ती पायरीवर धावत आली. "आबा, रायफल आज जमा करू नका. सोमवारी सकाळी या."

"आता काय राहिलंय?"

"माझंच चुकलंय असं वाटतंय. दोन दिवस द्या."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं निरखून बघितलं, आणि जीपमध्ये जाऊन बसला.

शनिवार सगळा धुण्यात गेला. सोड्याचं कढत पाणी, थिनर, पितळी ब्रश, परत सोडा. आतून गाळ निघाला, साली निघाल्या, शेवटी राखाडी पोलाद दिसलं. पण आता मेणावरचा विश्वास उडाला होता. मेण किती आकसतं, हा बापाचा हिशेब म्हणजे अंदाजच की. छऱ्यांच्या बंदुकांना तेवढा चालायचा. इथं पाऊण मिलिमीटरवर कुणाची अब्रू टांगलेली. मग ओतायचं तरी काय?

रविवारी तिनं लेथवर एका लोखंडी तुकड्यात नेमकं साडेबाराचं भोक पाडलं. म्हटलं, ज्याचं माप मला माहीत आहे, त्यात सगळं ओतून बघू. जो खरं सांगेल त्यालाच आबांच्या चेंबरमध्ये पाठवू. साक्षीदाराची आधी परीक्षा.

पहिल्यांदा प्लास्टर. ते भोकाला असं धरून बसलं की छिन्नीनं फोडून काढावं लागलं. मग सोनारांकडची लाख. ती तर चिकटायसाठीच जन्माला आलेली. तेवढ्यात ठोकाठोकी ऐकून वरच्या दवाखान्यातली डॉक्टर गायत्री खाली आली.

"काय चाललंय? पेशंटला वाटतंय मीच कुणाचे दात फोडतेय."

शिवकन्यानं सगळं सांगितलं. गायत्रीचे डोळे चमकले. "अगं, मग हे तर माझंच काम! दाढेचा साचा आणि हा, फरक काय?" ती पळत वर गेली आणि दातांचे ठसे घेण्याचं रबर घेऊन आली. दोन रंगांचे लगदे मळले, भोकात दाबले. पाच मिनिटांत ठसा बाहेर. असा सुरेख, की लेथच्या रेघासुद्धा त्यावर उमटल्या होत्या. दोघी खूश. व्हर्निअर लावला: साडेबारा. परत लावला: सव्वाबारा. तिसऱ्यांदा त्या दोन्हींच्या मधलंच काहीतरी. रबर ते रबर, जसा हात दाबेल तसं माप देणार.

"तोंडात कुणी असं चिमटीत धरून मोजत नाही गं," गायत्री हिरमुसून म्हणाली.

"न्हाय, ठसा तुझा नंबर एक. पण कचेरीतला कारकून दाबून बघणारच. मला दगडासारखं कडक पायजे, आणि ते आकसायला नको."

मग बापाच्या तोंडून कधीतरी ऐकलेला गंधक तिला आठवला. खतांच्या दुकानात द्राक्षावर मारायचा मिळतो, पण त्यात माती-बिती मिसळलेली. जडीबुटीच्या दुकानात आवळासार गंधक मिळाला, पिवळाधमक, खड्यांचा. पहिली खेप घाईनं तापवली, तर काळपट होऊन काकवीसारखा दाट झाला, ओतताच येईना. वर असा वास सुटला की गायत्रीचे दोन पेशंट खोकत रस्त्यावर आले, आणि गायत्रीही नाक धरून मागोमाग.

दुसऱ्या खेपेला शिवकन्यानं दार-खिडक्या उघडल्या, शेगडी बारीक केली. चिमूटभर काजळी घातली. गंधक पाण्यासारखा पातळ झाला. ओतला, वरची कड गोठताच ढकलून बाहेर काढला. साडेबारा! तासाभरानं मोजला, तरी साडेबाराच. तिसरा ठसा भोकात तसाच ठेवून ती जेवायला गेली. आली तर तो आत फुगून असा आवळून बसलेला की हातोडा खाऊनही हलेना. बरं झालं, तिनं म्हटलं. हा पठ्ठ्या खरं बोलतो, पण वेळेवर बाहेर काढला तर. आबांच्या चेंबरमध्ये जेवणाच्या सुट्ट्या चालायच्या नाहीत.

सोमवारी सकाळी सगळे आले. ह्या खेपेला हिंमतराव आत येऊन बाकड्यावर बसले, पण काठीवर हनुवटी टेकून, परक्या लग्नाला आल्यासारखे. शिवकन्यानं नळीत पुढून चिंधीचा बोळा बसवला, चेंबर जरा कोमट केला, आणि गंधक ओतला. बाहेर हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. कड गोठली. तिनं नळीच्या पुढच्या तोंडातून लाकडी दांडा घातला आणि हलक्या हातानं टकटक केलं. ठसा सुळकन तिच्या तळहातावर आला, अख्खा, मान मोडलेली नाही.

तिनं व्हर्निअर वैष्णवीकडं दिला. "तू वाच. रायफल तुझी हाय."

वैष्णवीनं मान वाकडी करून आकडे बघितले. "साडेबारा."

"लांबी?"

"खांद्यापर्यंतच मोजू का मानेसकट?"

"सगळी मोज."

"पन्नासला टेकलंय."

"थ्री-फिफ्टीन. थ्री-नॉट-थ्री असती तर छप्पन भरलं असतं," शिवकन्या म्हणाली, आणि तिला रडू की हसू ते कळेना. "आबा, थ्री-फिफ्टीन! रायफल घरीच राहतीय."

कस्तुराबाईंनी तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले आणि पदर तोंडाला लावला. हिंमतरावांनी फक्त मान हलवली. शिवकन्या त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "आबा, मेणाचं ऐकून म्या तुमचा शब्द खोटा पाडला. आत बघून न बघितल्यासारखं केलं. माफी मागते."

"असू दे. तुझा बापबी मेणच वापरायचा."

सहीच्या आधी एक काम उरलं होतं. नकली काडतूस आत बसतंय आणि बोल्ट लागतोय, हे बघितल्याशिवाय दाखला देता येत नाही. तिनं रायफल आणि पितळी काडतूस हिंमतरावांपुढं धरलं. "तुमच्याच हातानं होऊ द्या."

म्हाताऱ्यानं उजवा हात काठीमागं नेला. "नको. वैष्णवीला दे."

"तिचं हायेच पुढं. आज मान तुमचा."

"नको म्हटलं ना!"

एवढा चढा आवाज त्या घरानं कधी ऐकला नसावा. वैष्णवी दचकून बघायला लागली. पण शिवकन्या हटली नाही, रायफल धरून तशीच उभी राहिली. शेवटी हिंमतरावांनी ती मांडीवर घेतली. काडतूस सोडलं. दात आवळून, सगळं बळ आणून त्यांनी बोल्टला हात घातला, आणि बोल्ट दोन बोटांनीच पुढं जाऊन कट्‌दिशी लागला.

त्यांनी बोल्टकडं बघितलं. उघडला. परत लावला. कट्.

"बघा, कसं लोण्यासारखं जातंय," शिवकन्या म्हणाली. "त्या दिवशी हेच काडतूस अर्ध्यात अडकलं होतं. बोल्ट दोन्ही हातांनी रेटला तरी लागेना."

हिंमतरावांनी मान वर केली. "तुझ्याच्यानं लागला न्हाय?"

"न्हाय की."

"दोन्ही हातांनी रेटूनबी?"

"कुणाच्याच्यानं लागला नसता, आबा. आत तेलाची खपली धरली होती. पैलवान आणला असता तरी न्हाय."

म्हातारा स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत, कुणाकडंच न बघता म्हणाला, "ज्वारीत उभा होतो. डुक्कर पंधरा पावलांवर. काडतूस घातलं, बोल्ट रेटला, लागेना. परत रेटला. डुक्कर माझ्याकडं बघत उभं, आन् मी त्याच्याकडं. मला वाटलं, संपलं. मनगटातलं बळ गेलं. म्हातारा झालास, हिंमत्या. घरी आलो, रायफल कोपऱ्यात ठेवली, आन् पुन्हा हात लावला न्हाय."

"तुम्ही तर म्हणाला व्हता, जीव मारायचं सोडलं," कस्तुराबाई पुटपुटल्या.

"मग काय सांगू? हात गेला म्हणून सांगू? तेबी तुला?"

काय झालं ते कस्तुराबाईंना हळूहळू उमगत होतं, आणि ते तोंडावर दिसत होतं. दसऱ्याचं तेल. मग पुनवेचं तेल. "म्याच की वो," त्या म्हणाल्या. "तुमी सोडली म्हणून म्या आणखी तेल घालत गेले. आन् गावभर सांगत सुटले, आमच्या मालकानी दया धरली म्हणून. बारा वर्षं तुमचा हात म्याच बांधून ठिवला, देवा!"

"रडू नको."

"रडू नको तर काय करू?"

"हिकडं बघ," हिंमतराव म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, पण चेहरा असा फुलला होता की वैष्णवीनं आजोबांना असं कधी बघितलंच नव्हतं. "हात चांगला हाय. बघ." आणि त्यांनी बायकोला दाखवायला बोल्ट मागं ओढला, पुढं सारला, लावला.

शिवकन्यानं दाखला लिहिला, थ्री-फिफ्टीन, खाली सही केली, शिक्का मारला. कचेरी साडेपाचला बंद होते, आत्ता कुठं अकरा वाजत होते. कागद तिनं हातातच ठेवला. म्हातारा अजून बोल्ट उघडत होता, लावत होता, आणि त्याला थांबवायचं कुणाच्याच मनात येईना.